‘ईस्ट ऑफ ईडन’ प्रथमच वाचताना
शंभर पानांतच पात्रांची गल्लत होऊ लागली, असे आपण म्हणता. त्यात आपला दोष नाही. जॉन स्टाइनबेक यांच्या १९५२ सालच्या या कादंबरीत ट्रॅस्क घराण्यातील भावांच्या नावांची इंग्रजी आद्याक्षरे, ‘ए’ आणि ‘सी’, पुढच्या पिढीतही मुद्दाम तीच ठेवली आहेत: आधी अ‍ॅडम व चार्ल्स, नंतर अ‍ॅडमचे मुलगे अ‍ॅरन व कॅल. ही आद्याक्षरे बायबलमधील काइन (इंग्रजीत Cain) आणि हाबेल (Abel) या भावांची आहेत. म्हणून प्रथम बायबलमधील उत्पत्तीचा चौथा अध्याय, म्हणजे काइन आणि हाबेल यांची गोष्ट, वाचून घ्यावी. दहा मिनिटांचे काम आहे.

नवे वाचक सहसा कादंबरीतील दुसऱ्या, हॅमिल्टन कुटुंबाची प्रकरणे गाळतात. (सॅम्युएल हॅमिल्टन हे लेखकाचे खरे आजोबा होते, हे कळल्यावर मीही ती नव्याने वाचली.) त्याहून महागात पडणारी चूक म्हणजे अ‍ॅरन चांगला आणि कॅल वाईट, अशी वाटणी करून मोकळे होणे. चार्ल्सने कष्टाच्या पैशांतून आणलेल्या चाकूपेक्षा वडिलांना अ‍ॅडमने दिलेले कुत्र्याचे पिल्लू अधिक आवडते, हा प्रसंग नीट लक्षात ठेवावा. पुढे स्वतः बाप झालेला अ‍ॅडम कॅलची भेट कशी स्वीकारतो, हे वाचताना तो आठवेल आणि कॅलचे मोठे होणे किती अवघड होते, ते उमगेल.

कादंबरीवरील १९५५ चा चित्रपट आधी पाहू नये, कारण त्यात कादंबरीचा केवळ अखेरचा भाग आहे. कादंबरीत ‘तू करू शकतोस’ असा अर्थ लावलेल्या ‘टिमशेल’ या हिब्रू शब्दाची चर्चा दुसऱ्या वाचनासाठी राखून ठेवावी.