राम नाईक मंत्री म्हणून कसे होते? अभिनेता गोविंदाकडून हरले याशिवाय त्यांचं काही आहे का?

आहे की, भरपूर आहे. पण तुमचाही दोष नाही, २००४ चा तो निकाल एवढा गाजला की पाच वेळा उत्तर मुंबईतून निवडून आलेला माणूस, तोही केंद्रात पेट्रोलियम मंत्री असताना, पडला एवढंच लोकांच्या डोक्यात राहिलं.

मी दहिसरचा. १९९९ ला ते पेट्रोलियम मंत्री झाले तेव्हा आमच्याकडे स्टोव्हच होता, रॉकेलची लाईन, पिन मारणं, भांड्यांना काजळी, सगळं. गॅसचा नंबर लग्नात लावला तर पोरगं शाळेत जायला लागलं तरी लागायचा नाही. देशभरात एक कोटीच्या वर लोक वेटिंगवर होते. नाईकांच्या काळात ती यादी संपली. आता त्याच वर्षी जामनगरची रिफायनरी सुरू झाली आणि देशात गॅस वाढला हेही खरं, सगळं श्रेय एकट्याला देऊ नका. पण आमच्या घरी कनेक्शन आलं त्या दिवशी आईने पहिला चहा बाबांना नाही, शेजारच्या काकूंना बोलावून पाजला, ते काय विसरणार नाही.

मूळचे सांगली जिल्ह्यातले, बालपण आटपाडीत. पुण्यात बी.कॉम., मग मुंबईत नोकरी, सुरुवात सरकारी ऑफिसात क्लार्क म्हणून. १९६९ ला नोकरी सोडून जनसंघाचं, म्हणजे भाजपच्या आधीच्या पक्षाचं, पूर्णवेळ काम. १९७८ पासून बोरिवलीचे तीनदा आमदार. संघाच्या मुशीतला कट्टर उजवा माणूस, संसदेत वंदे मातरम् सुरू व्हावं म्हणून मागे लागणारा, बॉम्बेचं मुंबई व्हावं म्हणून मागे लागणारा. मागे लागणं हाच त्यांचा खरा गुण म्हणा ना, भाषणात फार मजा नाही पण फाईल कुठल्या टेबलावर अडकलीय ते पाठ असणार, क्लार्की कामाला आली असं आपलं माझं मत. मधे १९९४ मध्ये कॅन्सर झाला, त्यातूनही उठले आणि परत कामाला.

सगळं गोडगोड नाही पण. २००२ मध्ये पेट्रोल पंप वाटपाचं प्रकरण निघालं, भाजपमधल्या लोकांच्या नातेवाईकांना पंप मिळाले म्हणून बोंब झाली आणि वाजपेयींनी जानेवारी २००० पासूनची सगळी वाटपं एका फटक्यात रद्द केली. सुप्रीम कोर्टाने डिसेंबरात ते सरसकट रद्द करणं मोडीत काढलं, वादातली चारशेच्या वर प्रकरणं तेवढी तपासायला समितीकडे दिली. तरी डाग लागला तो लागलाच. मला विचाराल तर मंत्री म्हणून यावर त्यांचं लक्ष हवं होतं, फाईलींचा एवढा पक्का माणूस आणि हेच कसं सुटलं?

दुसरीकडे एचपीसीएल, बीपीसीएल या सरकारी तेल कंपन्या विकायला त्यांचा विरोध होता, अरुण शौरींशी म्हणजे स्वतःच्याच सरकारमधल्या मंत्र्याशी वाजलं. २००३ मध्ये कोर्टाने संसदेला विचारल्याशिवाय विकता येणार नाही म्हटलं आणि विषय थांबला. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल टाकायचं पण त्यांच्याच वेळचं, आपल्या ऊसवाल्यांना त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

२००९ ला परत हरले, यावेळी संजय निरुपमकडून. मग २०१४ ते २०१९ यूपीचे राज्यपाल, २०२४ ला पद्मभूषण. आईला यातलं काही विचारू नका, तिच्यासाठी ते अजून 'गॅसवाले नाईक'च आहेत.