सुई कोणाच्या हातात आहे ते आधी बघा

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी नाशिकची, वय ४३. डिसेंबरात मुलाचं लग्न आहे, फोटोत कपाळावरच्या आठ्या फार दिसतात म्हणून बोटॉक्स करावंसं वाटतंय. आमच्या पार्लरवाल्या ताई म्हणाल्या की मुंबईहून एक डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, आठ-दहा जणी जमल्या की पार्लरमध्येच सगळ्यांना करून देतात, ५ हजारात कपाळ आणि डोळ्यांच्या कडा. स्किनच्या डॉक्टरांकडे विचारलं तर ते युनिटवर पैसे सांगतात आणि ते तिप्पट होतात. आमच्या भिशीतल्या दोघींनी पार्लरमध्येच केलं, त्यांना काहीच झालं नाही. घरात अजून कोणाला बोलले नाहीये. करू का? आणि डॉक्टर खरे आहेत हे ओळखायचं कसं?

उत्तर : ताई, पार्लरमध्ये करू नका. बोटॉक्स करायलाच नको असं माझं म्हणणं नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात लाजण्यासारखंही काही नाही, पण तिथे नको.

पार्लरवाल्या ताईंबद्दल मला काही वाईट म्हणायचं नाहीये, थ्रेडिंग-फेशियल त्यांचं काम आहे आणि ते त्या चांगलंच करत असतील. पण बोटॉक्स हे औषध आहे, एका जिवाणूचं विष अगदी सूक्ष्म प्रमाणात वापरून केलेलं, ते स्नायूपर्यंत येणारा मज्जातंतूचा निरोप काही महिने अडवतं म्हणून आठी पडत नाही, आणि तेच औषध चुकीच्या जागी किंवा जास्त गेलं की पापणी खाली येते. लग्नाच्या आठवड्यात एक डोळा अर्धा मिटलेला, आणि ते ठीक व्हायला कित्येक आठवडे लागतात, अशी एक बाई माझ्या ओपीडीत येऊन रडली होती. तिने कुठे केलं होतं ते तिला नीट सांगताही येईना, कारण टोचणाऱ्याचं नावच माहीत नव्हतं.

मैत्रिणींना काही झालं नाही हे मी रोज ऐकते. त्याच बाटलीतून, त्याच माणसाकडून पुढच्या वेळी काय होईल ते त्यावरून कळत नाही हो. २०२४ च्या एप्रिलपर्यंत अमेरिकेत ११ राज्यांतल्या २२ जणींना अशा इंजेक्शननंतर त्रास झाल्याची नोंद झाली, त्यातल्या ११ जणींना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. काहींचं औषधच बनावट निघालं, आणि त्या सगळ्यांना इंजेक्शन दिलं होतं ते परवाना नसलेल्या किंवा शिक्षण न घेतलेल्या लोकांनी, नाहीतर घरात, स्पामध्ये अशा दवाखाना नसलेल्या जागी. तुमच्या पार्लरचं चित्र यापेक्षा फार वेगळं आहे का, तुम्हीच बघा.

आता डॉक्टर ओळखायचं. नावामागे 'कॉस्मेटॉलॉजिस्ट', 'एस्थेटिक फिजिशियन', 'फेलोशिप इन अमुक' असं लिहिलेलं असतं, ते वाचून काहीच कळत नाही, दोन दिवसांच्या वर्कशॉपचंही फ्रेम केलेलं सर्टिफिकेट मिळतं. तुम्ही डिग्री बघा. त्वचारोगात एमडी (डीव्हीएल असं लिहितात), डीएनबी किंवा डीडीव्हीएल, नाहीतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी. आणि रजिस्ट्रेशन नंबर मागा. मागायला संकोच वाटतो हे मला माहितीये, आपल्याकडे डॉक्टरला नंबर विचारणं म्हणजे त्यांचा अपमान केल्यासारखं वाटतं, पण डॉक्टरांच्या आचारसंहितेतच लिहिलंय की हा नंबर दवाखान्यात लावायचा आणि प्रिस्क्रिप्शनवर, पैशांच्या पावतीवरही द्यायचा, आणि नावामागे फक्त मान्यताप्राप्त पदव्याच लिहायच्या. म्हणजे तुम्ही काही जास्तीचं मागत नाही आहात. तो नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या किंवा नॅशनल मेडिकल कमिशनच्या वेबसाइटवर टाकला की नाव आणि पदवी दिसते. पार्लरमध्ये येणाऱ्या या डॉक्टरांचाही नंबर मागून बघा. देत नसतील तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं, आणि दिला, खरा निघाला, तरी मी पार्लरला नाहीच म्हणेन, ते का ते पुढे सांगते.

औषध कुठे ठेवलंय ते महत्त्वाचं असतं. साधारण ही पावडर २ ते ८ डिग्रीला फ्रिजमध्ये ठेवावी लागते, मग सलाइन घालून पातळ करतात, आणि बोटॉक्सच्या लेबलवर स्पष्ट आहे की पातळ केल्यावर २४ तासांत वापरायचं. मुंबईहून पर्समधून आलेली, आधीच पातळ केलेली सिरिंज असेल तर ती कधी भरली, किती पाणी घातलं, त्यात नक्की काय आहे, तुम्हाला कळणार कसं? म्हणून बाटली तुमच्यासमोर फोडायला सांगा, ब्रँड, बॅच नंबर, एक्सपायरी वाचा, मोबाइलवर फोटो काढा. चांगले डॉक्टर यावर रागवत नाहीत, मी तर स्वतःच पेशंटच्या हातात बाटली देते.

युनिटचं पण समजून घ्या, कारण पैशाचा सगळा घोळ तिथेच आहे. बोटॉक्सच्या लेबलवर दोन भुवयांमधल्या आठ्यांसाठी २० युनिट दिलेत, पाच ठिकाणी चार-चार, आणि डिस्पोर्टच्या, म्हणजे अशाच औषधाच्या दुसऱ्या ब्रँडच्या, लेबलवर त्याच जागेसाठी ५० युनिट. म्हणजे डिस्पोर्टचे ५० जास्त नाहीत आणि बोटॉक्सचे २० कमी नाहीत, दोन्हींची मापंच वेगळी आहेत, त्यामुळे ब्रँडचं नाव न सांगता नुसते युनिट किंवा नुसता 'झोन'चा (चेहऱ्याच्या एका भागाचा) भाव सांगितला की तुलना करताच येत नाही. ५ हजारात कपाळ आणि कडा म्हटलं तर मला एकच प्रश्न पडतो, किती युनिट आणि कशाचे?

आणि शेवटचं, ज्यासाठी मी पार्लरला नाही म्हणते. दोन आठवड्यांनी एक भुवई वर एक खाली झाली तर दाखवायला कुठे जायचं? ते डॉक्टर पुढच्या महिन्यात येणार. दवाखान्यात आधी तुमची माहिती घेतली जाते, गरोदरपण, अंगावर पाजणं, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार, रक्त पातळ करायच्या गोळ्या, काही अँटिबायोटिक्स, आणि कोणालातरी त्या दिवशी चक्क नाही म्हटलं जातं. कुठलाच प्रश्न न विचारता सरळ टोचायला घेतात तिथून उठून या. काय दिलं त्याचा कागद मागून घ्या, तुमची नोंद मागितली तर ७२ तासांत देणं डॉक्टरांना बंधनकारक आहे.

लग्नाच्या निदान महिनाभर आधी करा. परिणाम दिसायला काही दिवस जातात, पूर्ण बसायला साधारण दोन आठवडे, म्हणजे थोडं सावरायचं असेल तर वेळ उरतो. आणि ताई, घरी एकाला तरी सांगा. गिळायला त्रास, बोलताना जीभ जड, श्वास लागणं असं काही झालं तर रात्री तुम्हाला हॉस्पिटलला कोण नेणार?

प्रश्न : मी पुण्यात हिंजवडीत जॉब करते, वय २४. ऑनलाइन 'हायलुरॉन पेन' मिळतो, सुई नसते, प्रेशरने फिलर (ओठ भरदार करणारं जेल) ओठात जातं असं व्हिडिओत दाखवतात. क्लिनिकपेक्षा खूप स्वस्त आहे, रूममेट करून देते म्हणतेय. सुईच नाही म्हटल्यावर काय रिस्क आहे?

उत्तर : अगं, नको. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी तिथली सरकारी संस्था) खास याच पेनबद्दल इशारा दिलाय की वापरू नका. सुई नसली तरी द्रव जोरात आत जातो आणि तो कुठे, किती खोल थांबेल यावर तुझ्या रूममेटचा काही ताबा नाही. फिलर रक्तवाहिनीत गेलं की पुढचा रक्तपुरवठा बंद होतो, कातडी मरते, आणि चेहऱ्यावरच्या काही रक्तवाहिन्या डोळ्याकडच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असल्यामुळे कायमचं अंधत्व आल्याच्या केसेस जगभर नोंदल्या गेल्यात. नाक आणि भुवयांमधली जागा यात सगळ्यात धोक्याची, पण ओठही सेफ नाहीत.

म्हणून फिलरसाठी डॉक्टर निवडताना मी सांगते तो प्रश्न विचारच, 'हायलुरोनिडेज तुमच्याकडे आत्ता फ्रिजमध्ये आहे का?' हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर विरघळवणारं औषध आहे ते. रक्तवाहिनी ब्लॉक झाली तर धावपळ करून मेडिकलमधून आणायला वेळ नसतो, तिथेच हवं. ज्यांना हा प्रश्नच कळला नाही त्यांच्याकडून ओठ करून घेऊ नकोस, इन्स्टाग्रामवर कितीही बिफोर-आफ्टर असोत. कायम टिकणारं फिलर किंवा सिलिकॉन कोणी ऑफर केलं तर तेही नाही, ते विरघळवता येत नाही.

फिलर घेतल्यावर कातडी पांढरी पडली, जाळीसारखे निळसर डाग आले, वाढत जाणारं दुखणं, किंवा नजरेत काहीही बदल, तर 'सकाळी फोन करू' म्हणून झोपू नकोस, त्याच क्षणी निघ. बर्फ लावत बसू नकोस. क्लिनिक फोन उचलत नसेल तर सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि फिलर घेतलंय हे पहिल्यांदा सांग.

दाताचे डॉक्टर करतात ते चालेल का, हे बऱ्याच जणी विचारतात म्हणून इथेच सांगते. ओरल अँड मॅक्सिलोफेशियल (तोंड-जबडा-चेहऱ्याच्या) सर्जरीत एमडीएस केलेल्यांनी चेहऱ्याची रचना वर्षानुवर्षं शिकलेली असते, ती गोष्ट वेगळी. नुसतं बीडीएस आणि वीकेंडचा कोर्स यावर मी माझ्या बहिणीला पाठवणार नाही.

प्रश्न : मुलीचं लग्न ठरलंय, सांगलीत एका ब्युटी क्लिनिकवाल्यांनी ग्लुटाथायोनचे १० ड्रिप घ्या, गोरी होईल म्हणून पॅकेज दिलंय. द्यावेत का? – एक आई

उत्तर : देऊ नका. ग्लुटाथायोन हे आपल्या शरीरातही तयार होणारं एक द्रव्य आहे, पण गोरं होण्यासाठी ते शिरेतून देण्याला आपल्याकडे मान्यता नाहीये, पॅकेजमध्ये लिहिलं म्हणून ती मिळत नाही. शिरेत काहीही सोडायचं म्हणजे इन्फेक्शन आणि ॲलर्जीचा धोका असतोच, आणि क्लिनिकवर पाटी आहे म्हणजे आत डॉक्टर आहे असंही नाही. पिगमेंटेशन, पिंपल, काळे डाग असा खरा त्रास असेल तर एकदा सरकारी हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागात दाखवा, मिरजेचं मेडिकल कॉलेज तुम्हाला जवळ आहे, केसपेपर फारसा महाग नसतो. आणि आई म्हणून एक विचारू का, हे ड्रिप मुलीने मागितलेत की सासरच्या कोणीतरी रंगावरून काही बोललंय? तसं असेल तर आधी मुलीशी निवांत बसून बोला, पॅकेजचे पैसे अजून भरू नका.