फक्त ज्वारीची भाकरी खाल्ल्याने साखर उतरते, या दाव्यावर किती विश्वास ठेवावा?

आपण लिहिले आहे की, आपल्या आईंना मधुमेह आहे, "गहू-तांदूळ सोडा, चाळीस दिवस फक्त ज्वारीची भाकरी खा, गोळी सुटेल" असा संदेश नातेवाइकांमध्ये फिरतो आहे आणि आईंनी तो मनावर घेतला आहे. सर्वांत आधी एवढेच सांगते, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद होऊ देऊ नका.

मी सोलापुरात महाविद्यालयातल्या मुलींना आहारशास्त्राचे प्राथमिक धडे शिकवते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचा आपल्याकडे सगळ्यांनाच अभिमान आहे, मलाही आहे. पण त्या अभिमानापोटीच ज्वारीबद्दल कोणी काही चांगले सांगितले, की आपण ते पडताळून पाहत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांतील घटकांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके आणि १० ग्रॅम तंतू असतात, कोंड्यासकट दळलेल्या कणकेत ६४ आणि ११, तर पांढऱ्या तांदळात ७८ आणि जेमतेम ३. म्हणजे ताटातल्या भाताच्या जागी भाकरी आली तर लाभ होण्यासारखा आहे, पण न चाळलेल्या कणकेच्या पोळीच्या जागी आली तर या आकड्यांत फार मोठा फरक पडत नाही. म्हणून असा दावा वाचला, की पहिला प्रश्न हा विचारावा : चांगले, पण कशाच्या तुलनेत?

दुसरा प्रश्न भाकरीच्या वजनाचा. दरवर्षी मी वर्गात तराजू ठेवते आणि ५० ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्या करायला लावते. एक मऊ राहू देतो, दुसरी पातळ थापून कडक होईपर्यंत वाळवतो. मऊ भाकरी ८० ग्रॅमच्या आसपास भरते, कडक पुन्हा ५० च्या जवळ येते. पाणी तेवढे उडालेले असते. दोन्हींत उष्मांक तेच, साधारण १६७. परंतु "दर १०० ग्रॅमला" असा हिशेब मांडला, की मऊ भाकरीचे सुमारे २०९ होतात आणि कडक भाकरीचे ३३४, आणि मुली चटकन म्हणतात, कडक भाकरीने वजन वाढते! पाकिटावरचा आकडा खोटा नसतो, तो कशाला भागून काढला आहे हे आपण पाहिलेले नसते.

संदेशातला "फक्त" हा शब्द मला सर्वांत जास्त खटकतो. दख्खनच्या पठारावर ज्या गरीब कुटुंबांचे पोट जवळजवळ ज्वारीवरच भरत असे, त्यांच्यात पेलाग्रा हा नायसिन या ब गटातील जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार आढळत असे, पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास हैदराबादेत त्याचा अभ्यास केला होता. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्लही, म्हणजे प्रथिनांचा एक घटकही, कमी असते आणि ती उणीव डाळी भरून काढतात. भाकरीबरोबर पिठले किंवा आमटी घेण्याची आपली पद्धत म्हणूनच पक्की आहे.

राहिले चाळीस दिवस. एचबीए१सी ही रक्ताची तपासणी साधारण मागच्या दोन ते तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते, त्यामुळे चाळीस दिवसांत तिच्यात पूर्ण बदल दिसत नाही. त्यातून कोणाची साखर खरोखर उतरली असेल, तर त्याच काळात त्याने भात, चहातली साखर, रात्रीचे उशिराचे जेवण यांतले काय काय सोडले होते, हे संदेशात लिहिलेले नसते.

आईंना ज्वारी आवडत असेल तर ती जरूर खाऊ द्या. घरात ग्लुकोमीटर असेल तर तीन दिवस पोळी आणि तीन दिवस भाकरी, पीठ दोन्ही वेळा तेवढेच मोजून, भाजी-डाळ शक्यतो तीच ठेवून, जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी साखर तपासा आणि वहीत लिहा. शेंगाचटणी किती चमचे घेतली हेही लिहा, कारण शेंगदाण्यात १०० ग्रॅमला सुमारे ४० ग्रॅम स्निग्धांश असतो आणि त्यानेही जेवणानंतरच्या साखरेचा आकडा बदलू शकतो. ती वही पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. गोळीचा डोस बदलायचा की नाही, हे ते त्यावरून ठरवतील.