गोदाकाठची पायवाट आणि छोटी सोबतीण

प्रश्न : हिवाळ्यात गंगाखेडहून नांदेडपर्यंत गोदाकाठाने पायी जाण्याचा विचार आहे. सोबत सहा किलोंची पॉमेरेनियन कुत्री न्यावी का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : अवश्य न्यावी, मात्र दिवसाची मजल तिच्या चालीने ठरवावी. काळ्या मातीचा चिखल बोटांच्या बेचक्यांत वाळला की खड्यासारखा टोचतो, म्हणून प्रत्येक मुक्कामी पंजे कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावेत आणि कानांमागे गोचिडी चाचपून पाहाव्यात. रेबीजची लस निघण्याच्या महिनाभर आधीच टोचून घ्यावी. खरी धास्ती मेंढपाळांच्या कुत्र्यांची: कळप दिसताच तिला उचलून घ्यावे, मेंढपाळाला हाक मारावी आणि त्याने आपली कुत्री आवरल्यावरच पुढे सरकावे. उसाच्या फडालगत साखळी सोडू नये. आत शिरलेले एवढेसे जनावर हाकेला ओ देत नाही.