जुन्या सीटीची सीडी आधी हातात घ्या

वडिलांच्या स्वादुपिंडाच्या शेपटीत दीड सेंटीमीटरची गाठ, डोटा पेट स्कॅनमध्ये (ठरावीक प्रकारच्या गाठी उजळून दाखवणारा स्कॅन) ती चमकली आणि परळला दोन आठवड्यांनी ऑपरेशन, हे तुमचं वाचलं आणि पोटात कालवलं. 2021 मध्ये आमच्या ह्यांचं हेच झालं होतं.

ह्यांची गाठ म्हणजे प्लीहेचा (स्प्लीनचा) जन्मजात जादा तुकडा निघाला. साधारण दहातल्या एकाला असा तुकडा असतो, काहींचा तो स्वादुपिंडातच असतो. डोटा स्कॅनमध्ये तो न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरसारखाच (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ) उजळतो. आम्हाला हे बायोप्सीच्या कागदावर कळलं, अर्धं स्वादुपिंड आणि प्लीहा काढून झाल्यावर.

2014 मध्ये हे स्कूटरवरून पडले तेव्हा पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी झाला होता. सर्जनना मी फक्त त्याचा रिपोर्ट दाखवला. त्यात गाठीचा उल्लेख नव्हता, म्हणून गाठ नवीन असं धरलं गेलं. चूक इथे झाली. सीडीसाठी त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खिडकीवर डोंबिवलीहून चार खेपा घातल्या. कधी पेशंटची सही हवी, कधी साहेब रजेवर, कधी सर्व्हर बंद. चौथ्यांदा सीडी दिली, ती कोरी! चालणारी मिळाली ऑपरेशननंतर अकराव्या दिवशी. सर्जननी स्क्रीनवर पेनाचं टोक टेकवलं. तीच जागा, तेवढाच आकार. "हे आधी दिसलं असतं तर मी थांबलो असतो," म्हणाले. आज ह्यांना इन्सुलिन घ्यावं लागतं. त्या खिडकीचा राग माझ्या मनातून जात नाही.

तुमच्याकडे जुना सीटी असेल तर उद्याच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांत मागितलेली कागदपत्रं 72 तासांत द्यावीत असं आहे, ते अर्जात लिहा. सर्जनना स्पष्ट विचारा, हा प्लीहेचा तुकडा असू शकेल का? ते ओळखायला रक्तातल्या तांबड्या पेशी गरम करून बिघडवतात, त्यांना टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ लावून स्कॅन करतात; गाठ प्लीहेची असेल तर ती या पेशी धरून ठेवते.

मी डॉक्टर नाही. शेपटीतली प्रत्येक गाठ निरुपद्रवी नसते, त्यामुळे स्वतःहून तारीख पुढे ढकलू नका. प्लीहाही काढणार असतील तर न्यूमोकोकल वगैरे लशी शक्यतो दोन आठवडे आधी लागतात, म्हणून तेही उद्याच विचारा. आणि सीडी मिळाली की खिडकीवरून हलण्याआधी तिथल्याच कॉम्प्युटरवर उघडून दाखवायला सांगा.