चाकं आणि रस्ता : पायरी नसलेली बस

प्रश्न : काका, माझी लेक जर्मनीत मानहाइमला असते. मागच्या उन्हाळ्यात आईला घेऊन तिच्याकडे गेले होते. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, पण तिथल्या ‘सिटारो’ बसमध्ये ती कुणाचा हात न धरता चढली. लातुरात मात्र बसचं नाव काढलं की म्हणते, रिक्षाच कर. लेक म्हणते, सिटारोचेही पुष्कळ प्रकार आहेत. ही बस असते तरी कशी? आणि तशी आपल्याकडे का नाही?
– एक वाचक भगिनी, लातूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. चिकलठाण्याच्या एसटी कार्यशाळेत बॉडी सेक्शनला माझी नोकरी झाली. दाराच्या पायऱ्या बसवणं हे माझं रोजचं काम होतं, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा.

आधी आपली नेहमीची बस कशी बनते ते सांगतो. चासी म्हणजे बसचा खालचा सांगाडा. तिचे दोन लांब लोखंडी मेंबर, म्हणजे तुळया, पुढून मागे एक्सलच्या (दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या) वरून जातात. त्यांच्यावर आडवे बेअरर, बेअररवर पत्रा, म्हणजे फ्लोअर. एक्सल खालीवर हलायला जागा ठेवावी लागते, त्यामुळे फ्लोअर जमिनीपासून मीटरभर उंच जातो आणि दारात तीन पायऱ्या येतात. त्यातली पहिली सगळ्यात वाईट. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने निऱ्या सावरायच्या, मग दांडा धरायचा कशाने? खेड्यापाड्यातल्या रस्त्यांसाठी ही उंची लागतेच, ते मला मान्य आहे. शहरातल्या बसला मात्र तिची गरज नाही.

मर्सिडीझ-बेंझची सिटारो १९९७ मध्ये आली, आणि ती बनते तुमच्या लेकीच्या मानहाइममध्येच. तिला वेगळी चासी नाही, बॉडीचा सांगाडाच सगळा भार पेलतो. खरी करामत मागच्या एक्सलमध्ये आहे. नेहमीच्या एक्सलचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, चाकाच्या मध्याच्या रेषेत असतं. इथे ते त्या रेषेच्या खाली उतरवलेलं असतं आणि दोन्ही टोकांच्या गिअरमधून फिरकी वर चाकाला दिली जाते. याला पोर्टल एक्सल म्हणतात. तो खाली गेल्यामुळे मधली वाट पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत सपाट नेता येते. दारात फ्लोअरची जमिनीपासूनची उंची साधारण ३२० मिलीमीटर. शिवाय चाकांवर पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे असतात. थांब्यावर ड्रायव्हर दाराच्या बाजूची हवा सोडतो, की बस तिकडे आणखी सहा-सात सेंटीमीटर झुकते. थांब्याचा कट्टा पंधरा-सोळा सेंटीमीटरचा असला तर उरतं जेमतेम चार बोटं अंतर. आई एकट्या चढल्या त्या यामुळे. मधल्या दारात जमिनीला बिजागरीवर एक फळी असते. व्हीलचेअर आली की ड्रायव्हर उतरून ती हाताने बाहेर उलटतो. मोटर नाही, म्हणून बिघाडही नाही. मला ही फळी फार आवडते.

मूळ सिटारो १२ मीटरची. ‘के’ म्हणजे आखूड, साडेदहा मीटरची. ‘जी’ म्हणजे मध्ये भाता असलेली १८ मीटरची जोडबस. ‘यू’ शहराबाहेर जाणारी. २०११ मध्ये दुसरी पिढी आली, पुढे हायब्रिड आणि २०१८ मध्ये बॅटरीवरची ई-सिटारो. आपल्या कामाचा प्रकार मात्र ‘एलई’, म्हणजे लो एंट्री. तिच्यात मधल्या दारापर्यंतच सपाट फ्लोअर असतो, त्याच्या मागे पायऱ्या चढून बसायचं. मागे नेहमीचा सरळ एक्सल चालतो, त्यामुळे ती स्वस्त पडते आणि मेकॅनिकलाही सोपी जाते. गुडघेवाल्यांनी पुढे बसावं, कॉलेजच्या पोरांनी मागे चढावं.

‘आपल्या रस्त्यांवर असली बस चालतच नाही’ हे मी पुष्कळदा ऐकतो. ते खरं नाही. बंगळुरूत २००६ पासून व्होल्वोच्या लो एंट्री बस धावल्या. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या आसपास सीएनजीवरच्या लो फ्लोअर बस मोठ्या संख्येने आल्या. अडचणी आहेतच. बस महाग पडते. पुढच्या चाकापुढे अडीच मीटरहून जास्त बॉडी बाहेर असते, ती आपल्याकडच्या मनमानी स्पीडब्रेकरला घासते. आणि थांब्यावर रिक्षा-हातगाडे उभे असले की बस भर रस्त्यात थांबते. मग कट्टा राहतो बाजूला आणि म्हाताऱ्या माणसाला डांबरावरून चढावं लागतं. बस कितीही खाली आणली तरी कट्ट्याला चिकटून थांबली नाही, तर निम्मा पैसा वाया गेला.

म्हणून ताई, गावात बसची निविदा निघेल तेव्हा नगरसेवकाला एकच प्रश्न विचारा : फ्लोअरची उंची किती? केंद्राच्या शहरी बसच्या मानकांत ४००, ६५० आणि ९०० मिलीमीटर असे तीन गट आहेत. ६५० ला ‘सेमी लो फ्लोअर’ म्हणतात. नाव गोड आहे, पण दारात एक पायरी आलीच. मागणी ४०० ची करा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात सार्वजनिक वाहतूक सर्वांना वापरता यावी असं स्पष्ट म्हटलंय. त्याचा उल्लेख अर्जात जरूर करा. लातूर-नांदेडच्या रस्त्यांना नऊ-दहा मीटरची लो एंट्री बस पुरेशी आहे. जोडबसचा हट्ट नको. आणि त्याच अर्जात थांब्यांच्या कट्ट्यांची मागणीही घाला, ती वेगळी केली की मागे पडते.

प्रश्न : इलेक्ट्रिक बसमध्ये मागे इंजिनच नसतं. मग मागे पायऱ्या कशाला ठेवतात?
– तंत्रनिकेतनचा विद्यार्थी, नांदेड

उत्तर : इंजिन गेलं तरी मोटर आणि सरळ एक्सल मागे राहिला, तर फ्लोअर वर येणारच. त्यात बॅटऱ्यांनाही जागा लागते. ई-सिटारोमध्ये बॅटऱ्या बऱ्याचशा टपावर नेल्या आणि दोन्ही मोटरी मागच्या एक्सलमध्येच चाकांजवळ बसवल्या, म्हणून मधली वाट सपाट राहिली. टपावरचं वजन वाढलं की वळणावर बस झुकू नये म्हणून सस्पेन्शनही तसंच लागतं. त्याचं गणित तुमच्या सरांकडून समजून घ्या, प्रोजेक्टला उत्तम विषय आहे.