‘काही होणार नाही’ असं सांगू नका

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. खालच्या उजव्या बाजूच्या शेवटच्या दाढेत खड्डा पडलाय. घास अडकला की रडतो. गेल्या महिन्यात दवाखान्यात नेलं. निघताना ‘डॉक्टर फक्त बघणार आहेत’ असं सांगितलं होतं. तिथे सुई दिसली आणि त्यानं जो आकांत मांडला, विचारू नका. ह्यांनी हात धरले, नर्सनं डोकं धरलं, तरी जमलं नाही. डॉक्टरांच्या बोटाला चावला. आता त्या रस्त्याला रिक्षा वळली तरी मला घट्ट धरतो. डॉक्टर म्हणतात, पूर्ण भूल देऊन करू. सासूबाई म्हणतात, दुधाचे दात पडणारच आहेत, कशाला पोराचे हाल? काय करू?
– एक आई, कराड

उत्तर : सासूबाईंचं म्हणणं आधी घेते. नाहीतर घरात त्यांचंच चालेल आणि माझं उत्तर फुकट जाईल. दुधाचे दात पडतात हे खरं, पण सगळे एकदम नाही. पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी पडतात. तुम्ही सांगताय ती मागची दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असते. म्हणजे तुमच्या मुलाला तिच्यावर अजून पाचेक वर्षं भाकरी चावायची आहे. शिवाय तिच्या मागे सहाव्या वर्षाच्या आसपास कायमची दाढ येते. ही दुधाची दाढ आधीच गेली तर मागची कायमची पुढे सरकते आणि नंतर येणाऱ्या दाताची जागा खाते. तेव्हा उपचार करायचाच.

आता मुलाबद्दल. तुमच्या पत्रातलं ‘फक्त बघणार आहेत’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. तो द्वाड नाही हो, ताई. त्याला सांगितलं एक आणि झालं भलतंच. मग चार मोठ्या माणसांनी मिळून धरलं. तोंड सोडून सगळं धरलेलं असताना माणूस चावणार नाही तर काय करेल?

मोठ्या तोंडानं हे बोलतेय, पण मीही हे केलंय. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी सात वर्षांचा एक मुलगा आला होता. गाल सुजलेला, वडील घाईत. आम्ही तिघांनी त्याला धरलं, मी दात काढला, पाच मिनिटांत काम फत्ते. वडिलांनी हात जोडले, मलाही बरं वाटलं. तोच मुलगा चोविसाव्या वर्षी परत आला. दाढीमिशा फुटलेला, जबडा टम्म सुजलेला. मधल्या सतरा वर्षांत तो एकदाही कुठल्याच दातांच्या डॉक्टरकडे गेला नव्हता. खुर्चीत बसला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. त्या पाच मिनिटांचा हिशेब मला तेव्हा कळला.

तुम्ही करायचं ते असं. गाल सुजलेला नसेल, ताप नसेल, रात्री दुखून उठत नसेल, तर दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही. पुढची वेळ ‘कामाची नाही’ असं डॉक्टरांना आधी फोनवर सांगून घ्या, आणि ती खरंच कामाची नसू दे. त्यानं खुर्ची वर-खाली करायची, आरसा हातात घ्यायचा आणि घरी यायचं. बस्स.

आमच्याकडे याची एक जुनी रीत आहे : आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. ही 1959 पासून पुस्तकात आहे आणि अजून तिच्यावरच आमचं पोट चालतं. दात घासायचा फिरता ब्रश मी आधी मुलाच्या अंगठ्याच्या नखावर फिरवते. गुदगुल्या होतात, मूल हसतं. मग म्हणते, ‘आता एका दातावर. पाच म्हणेपर्यंत. मग थांबणार.’ आणि पाचला थांबतेच, काम अर्धं राहिलं तरी. डावा हात वर केला की काय वाट्टेल ते झालं तरी मी थांबते, हेही ठरलेलं असतं. पहिल्या दोन-तीन वेळा मूल उगाचच हात वर करतं. माझी परीक्षा घेत असतं. चौथ्यांदा करत नाही.

मी दातांची डॉक्टर असले तरी काम करताना लक्ष पायांकडे असतं. चेहरा दिव्याखाली असतो, तोंड उघडं असतं, त्यावरून काही कळत नाही. पण पायाची बोटं आत वळली की भीती वाढली. सैल पडली की पुढे जायला हरकत नाही. म्हणून सँडल काढूनच बसवते. आईला पायाशी बसवते, पाऊल हातात धरायला सांगते आणि गप्प राहायला सांगते. हे आयांना फार जड जातं. पण ‘आ कर बाळा, आ कर, बघ डॉक्टर काकू काय म्हणतात’ असं दोन्हीकडून सुरू झालं की मूल कोणाचंच ऐकत नाही. खोलीत एकच आवाज हवा.

घरी काय बोलता तेही बघा. ‘अजिबात दुखणार नाही’ म्हणू नका. दुखण्याचा विचार त्याच्या मनात नसेल तर तुम्हीच घालता. ‘मस्ती केलीस तर डॉक्टर सुई टोचतील’ हे घरात कोणी म्हणत असेल तर आजपासून बंद. ‘शहाण्यासारखा बसलास तर सायकल घेऊ’ हेही नको. पोरं हुशार असतात. सायकल मिळण्याइतकं भयंकर काहीतरी आहे, हे त्यांना लगेच कळतं. झाल्यावर कौतुक करा, पण कशाचं ते सांगा : ‘पाच म्हणेपर्यंत तोंड उघडं ठेवलंस.’ सकाळची वेळ घ्या. शाळेतून दमून आलेल्या मुलाला संध्याकाळी सहाला खुर्चीत बसवलं तर देवही काही करू शकणार नाही.

सुईचं काय? ती लपवत नाही, पण डोळ्यांसमोर नाचवतही नाही. आधी हिरडीला बधिर करणारी जेली लावून मिनिटभर थांबायचं. मग सांगायचं, ‘दाढेला झोपवायचं औषध देतेय, एक चिमटा बसेल.’ औषध अगदी हळू सोडलं तर खरंच तेवढंच कळतं. घरी गेल्यावर मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. ओठ दोन-तीन तास बधिर राहतो आणि मुलं गंमत म्हणून तो चावतात. संध्याकाळी ओठ सुजतो, दुसऱ्या दिवशी पांढरं दिसतं आणि आया ‘पू झाला’ म्हणून फोन करतात. तो पू नसतो, जखमेवरचा पापुद्रा असतो. आठ-दहा दिवसांत भरतं.

तुमच्या डॉक्टरांना एक जरूर विचारा. कीड दाढेच्या आतल्या नसेला पोचलेली नसेल तर न ड्रिल करता, न सुई देता, कीड तशीच आत ठेवून वरून स्टीलची टोपी सिमेंटनं बसवता येते. कीड कोंडली जाते आणि तिची वाढ थांबते. स्कॉटलंडच्या डॉ. नॉर्ना हॉल यांच्या नावानं ही पद्धत ओळखली जाते. टोपी चांदीसारखी दिसते. सासूबाई नाक मुरडतील, पण मुलं ‘रोबोट दात’ म्हणून मित्रांना दाखवत फिरतात. दाढ रात्री आपोआप ठणकत असेल किंवा हिरडीवर फोड असेल तर मात्र हा उपाय चालत नाही.

काही ठिकाणी नाकावर मास्क ठेवून हसवणारा वायू देतात. मूल जागं असतं, बोलतं, फक्त सैल होतं आणि शेवटी ऑक्सिजन दिला की काही मिनिटांत पूर्ववत होतं. पण सर्दीनं नाक चोंदलेलं असलं तर त्याचा उपयोग नाही, आणि जो मास्कच लावू देत नाही त्यालाही नाही.

राहिली पूर्ण भूल. ती शिक्षा नव्हे आणि आईचा पराभवही नव्हे. अडीच वर्षांच्या मुलाच्या आठ दातांना कीड असेल, मतिमंद किंवा स्वमग्न मुलाला खुर्चीत बसणंच अशक्य असेल, तर मी स्वतः तेच सुचवते. मात्र ती रुग्णालयात, भूलतज्ज्ञ हजर असताना, उपाशीपोटी द्यायची : जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधी. पण साडेपाच वर्षांच्या, एरवी तब्येतीनं चांगल्या मुलाच्या एका दाढेसाठी मी आधी तीन-चार भेटी खर्च करीन.

आणि हो, त्याला सरळ सांगा : ‘मागच्या वेळी मी तुला फक्त बघणार म्हणाले होते, ते चुकलं माझं.’ साडेपाच वर्षांच्या पोराला हे कळतं.

प्रश्न : नात अकरा महिन्यांची आहे. खाली दोन, वर दोन दात आलेत. सून म्हणते, दातांच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. इतक्या लहान मुलीचं काय बघणार?
– एक आजोबा, निपाणी

उत्तर : सूनबाईंचं बरोबर आहे. पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा दाखवावं. काही दुखत नसताना दवाखान्यात गेलेलं मूल पुढे फार कमी रडतं. तिला सुनेच्या मांडीवरच बसवून दोन मिनिटांत दात बघतात. तोवर रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, आणि तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून दात घासायला लागा. तुम्ही स्वतःचे घासत असाल तेव्हा तिला शेजारी बसवा. कवळी असेल तर ती काढून दाखवू नका, एवढंच.